पेजेची वाफ

आमचे सासरे, म्हणजे अप्पा, देव मानतात तो सणावारी. इस्त्री मात्र रोज. तलासरीला एका सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली. डहाणूहून एसटीने जायचे, उतरल्यावर धुळीतून चालायचे, आणि तरी टेबलाशी बसताना पांढरा शर्ट असा असायचा की वाकले तर मोडेल. पाड्यांवरून पहाटे निघून आलेली माणसं खिडकीशी ताटकळत असतात, त्यांच्यासमोर चुरगळलेल्या कपड्यांत बसणं म्हणजे त्यांचा अपमान, असं अप्पांचं तत्त्वज्ञान. त्यांना ताटकळत ठेवणं हा अपमान होतो की नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"तो वेगळा विभाग," अप्पा म्हणाले.

मीही तलासरीलाच जाते. कॉलेजात इतिहास शिकवते, आणि तो वाचून माझं असं मत झालं आहे की जगाचं जेवढं वाटोळं कडक इस्त्रीवाल्यांनी केलं, तेवढं चुरगळलेल्यांना कधीच जमलं नाही. माझे कुडते वाळत घालताना दोनदा झटकले की झाले. लग्नानंतर नवीन असताना एकदा सकाळी अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आज सुट्टी वाटतं?" मी पर्स घेऊन दारात उभी होते.

तर अशा घरात वाफेच्या महागड्या इस्त्रीचा प्रश्न निघाला, आणि तो कपड्यांमुळे निघाला नाही. अप्पांच्या हातामुळे निघाला.

हात थरथरायला लागला होता. त्यांची इस्त्री जुनी, लोखंडी, उचलताना माझाही खांदा कुरकुरतो अशी. एका सकाळी ती मनगटावर टेकली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी फोन घ्यायला गेले ते इस्त्री पालथी ठेवूनच. जेवणाच्या टेबलावर घडी घालून ठेवलेल्या घोंगडीतून थेट लाकडापर्यंत होडीच्या आकाराचा डाग पडला. नवऱ्याने त्याच दिवशी फर्मान काढलं, "अप्पा, उद्यापासून इस्त्री बंद. कपडे बाहेर जातील."

कपडे स्टेशनजवळच्या इस्त्रीवाल्याकडे जायला लागले. आणि अप्पा बाहेर जायचे थांबले.

संध्याकाळी पारनाक्याला, समुद्राकडे तोंड करून, पेन्शनर लोकांचा एक कट्टा बसतो. वाढवणचं बंदर होणार की नाही, झालं तर मासे कुठे जातील आणि मच्छीमारांनी कुठे जायचं, यावर तिथे रोज भांडण होतं आणि रोज उद्यावर ढकललं जातं. नोकरी संपल्यापासून अप्पांनी हा कट्टा चुकवला नव्हता. आता म्हणाले, पाय दुखतात. पाय घरात दुखत नव्हते, वाडीत चिकूखालून फेऱ्या मारताना दुखत नव्हते, फक्त पारनाक्याकडे वळले की दुखत. शेवटी मी खोदून विचारलं. अप्पांनी इस्त्रीवाल्याकडून आलेला शर्ट माझ्यापुढे धरला.

"हे बघ. बाहीला दोन घड्या."

मला एकही दिसत नव्हती. अप्पांनी बोट फिरवून दाखवली. एक घडी, आणि तिच्या अगदी शेजारून गेलेली दुसरी, नुसती सावली म्हणावी अशी.

"हे कोणाला दिसणार, अप्पा?"

"मला," ते म्हणाले आणि शर्ट परत हँगरला लावला.

मी हसले होते. पण दिवस जात राहिले आणि अप्पा व्हरांड्यातच बसून राहिले. संध्याकाळी रस्त्याने जाणाऱ्यांना हात करायचे, म्हणजे बसल्या जागेवरून. मला ते काही आवडलं नाही. माणूस ज्या मूर्खपणाच्या जोरावर उभा असतो तो काढून घेतला की तो शहाणा होत नाही, नुसता बसतो.

म्हणून मी आणि नवरा दुकानात गेलो. हलकी हवी, आणि विसरली तर आपोआप बंद होणारी हवी, एवढ्या दोनच अटी. साध्या हलक्या इस्त्र्या पुष्कळ होत्या, पण त्या विसरल्या की विसरल्या. आपली आपण बंद होणारी एकच निघाली आणि ती वाफेची. दुकानदाराने ती काचेच्या कपाटातून दोन हातांनी काढली, गाभाऱ्यातून काढावी तशी.

"मॅडम, ही इस्त्री नाही. गारमेंट केअर सोल्युशन आहे."

"पण कपड्यांवर फिरवायची ना?"

"तसंही करू शकता."

खोक्यावरची एक बाई चेहऱ्यावर परमानंद आणून पडद्याला वाफ देत होती. पडदा उभ्या उभ्या इस्त्री होतो, सोफ्यातले जंतू मरतात, सुटाला नवजीवन मिळतं. आमच्याकडे सोफा नाही, आणि एकुलत्या एक सुटाला नवऱ्याच्या पोटामुळे पुन्हा जीवन मिळणं अवघड आहे. किंमत ऐकल्यावर नवरा छताच्या पंख्याकडे बघत राहिला. हा त्याचा जुना उपाय आहे. पंख्यानेही काही सुचवलं नाही. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

नवऱ्याची मोठी बहीण वापीला असते. तिच्याकडे हीच इस्त्री होती. फोनवर म्हणाली, "घ्यायची घाई करू नका. माझी घेऊन येते, आठवडाभर वापरा, अप्पांना जमते का बघा. मग ठरवा." रविवारी ती मूळ खोक्यातून, मूळ थर्माकोलसकट इस्त्री घेऊन आली. ज्या घरात थर्माकोल जपून ठेवतात त्या घरातली वस्तू उसनी घेताना दहा वेळा विचार करावा, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

"बोरचं पाणी घालायचं नाही हं," तिने मला आणि अप्पांना समोर बसवून सांगितलं. "तुमच्या बोरचं पाणी खारं. आत क्षार धरेल. फिल्टरचंच घाला."

"शर्टाला फिल्टरचं पाणी?" अप्पा म्हणाले. "मला इतकी वर्षं विहिरीचं चाललं."

"अप्पा, ऐका ना. वाफेला शुद्ध पाणी लागतं."

"शुद्धच घालीन," अप्पांनी शब्द दिला, आणि तो त्यांच्या मते त्यांनी पाळला.

पहिले तीन दिवस मी सकाळी कॉलेजला निघायच्या आधी चोरून बघत होते. हाताचं काम झालं होतं. इस्त्री इतकी हलकी की थरथरणारा हातही तिच्यावर निवांत बसत होता. मधेच थांबलं की ती आधी टीं टीं करायची आणि मग स्वतःच विझायची. मनगटाची भीती गेली, टेबलाची गेली. मी मनात इस्त्री विकतही घेऊन टाकली होती.

पण अप्पांचा चेहरा खुलेना. शर्ट त्यांनी खांद्याला धरून उजेडात नेला.

"गुळगुळीत आहे," मी म्हणाले.

"गुळगुळीत आहे. पण उभा राहत नाही. हा आजारी माणसाचा शर्ट झाला."

अडचण खळीची होती. आमच्याकडे शर्टांना तयार स्टार्च लागत नाही. जाड्या तांदळाचा भात शिजला की वरची पेज निथळायची, फडक्यातून गाळायची, पाणी घालून पातळ करायची आणि त्यात शर्ट बुडवून वाळत टाकायचे. ही खळ. मग हाताने पाणी शिंपडून शर्ट गुंडाळून ठेवायचे आणि दमट असतानाच तापल्या लोखंडाखाली घ्यायचे. तेव्हा कुठे कॉलर फुटपट्टीसारखी होते. वाफेच्या इस्त्रीचं आणि खळीचं जमत नव्हतं. वाफ लागली की खळ पुन्हा ओली व्हायची, शर्ट मऊ पडायचा, आणि इस्त्रीच्या बुडाला चिकट पापुद्रे धरायचे. माहितीपुस्तिकेत खळीच्या कपड्यांबद्दल काहीच नव्हतं. परमानंदवाल्या बाईकडे बहुतेक भात कुकरला लावतात.

गुरुवारी मी तलासरीहून परतले. फाटक उघडलं तर वाडीभर करपलेल्या भाताचा वास. आत नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून इस्त्रीच्या बुडाच्या भोकांत टाचणी घालत होता. अप्पा शेजारी उभे होते आणि त्याला उजेड दाखवत होते.

"काय झालं?"

"अप्पांना विचार," नवरा म्हणाला.

अप्पा जरासुद्धा शरमले नव्हते. कचेरीत एखादा नियम समजावून सांगावा तशा आवाजात म्हणाले, "पाण्याच्या वाफेने कपडा मऊ होतो, बरोबर? मग मी म्हटलं, पेजेच्या वाफेने कडक होईल. वेगळी खळ नको, शिंपडणं नको. एका हातात दोन्ही कामं."

"तुम्ही टाकीत पेज घातलीत?"

"गाळून घातली. दोनदा. शुद्ध."

"अप्पा," नवरा टाचणी न थांबवता म्हणाला, "वाफ पाण्याचीच होते. भात खालीच राहतो."

"ते आता कळलं," अप्पा म्हणाले. "आधी कोणी करून पाहिलं होतं का?"

मला मान्य करावं लागलं की कोणी पाहिलं नसावं. या इस्त्रीच्या जगभरातल्या गिऱ्हाइकांत तिच्यात पेज भरणारे अप्पा पहिलेच असतील. आणि खरं सांगायचं तर, ती कल्पना ऐकताना क्षणभर मलाही पटली होती.

वापीला फोन कोणी करायचा? नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. मी केला.

"बोरचं पाणी घातलंत ना?" नणंद लगेच म्हणाली.

"नाही."

"मग?"

"पेज."

"प्यायची पेज?"

"नाही हो ताई, शर्टांची."

नणंद चिडली की गुजरातीत जाते. "शुं वात करे छे!" इथपर्यंत मला समजलं. पुढचं वेगात होतं, आणि त्यात अप्पांचा उल्लेख बऱ्याचदा होता.

टाचणी, सुई, लिंबाचा रस, कोमट पाणी, सगळं झालं. वाफ आली नाही. दुरुस्तीवाल्याने इस्त्री हुंगली, हसला आणि परत दिली. उसनी वस्तू बिघडवली तर नवी आणून द्यायची, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे घ्यावी की न घ्यावी, हा आमचा गहन प्रश्न पेजेने परस्पर सोडवला. आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने काचेचं कपाट उघडत विचारलं, "शेवटी पटली ना, मॅडम?"

"आमच्या सासऱ्यांना फार चिकटली," मी म्हणाले.

रविवारी नणंद आली तेव्हा नवं खोकं टेबलावर होतं आणि त्याच्या शेजारी अप्पा इस्त्री करत होते. जुन्या इस्त्रीने नव्हे. तिच्याच, पेज प्यायलेल्या इस्त्रीने. वाफ मेली होती, बाकी सगळं शाबूत होतं. वजन तेच, तापणं तेच, विसरलं की विझणंही तेच. अप्पांनी आदल्या दिवशीच शोध लावला होता की वाफेचं बटण बंद ठेवलं तर ही अगदी माणसासारखी चालते. शर्टाला खळ दिलेली, बाजूला पाण्याचा तांब्या. बोटं बुडवून ते शिंपडत होते, आणि थरथरणाऱ्या हाताने पाणी उलट जास्त सारखं शिंपडलं जात होतं. मधेच ते आमच्याशी बोलायला थांबले तशी इस्त्री टीं टीं करायला लागली.

"आहे, आहे," अप्पा तिला म्हणाले. "कुठे गेलो नाही मी."

नणंद रागवायची तयारी करून आली होती. तिने शर्टाची बाही हातात घेतली, उलटसुलट केली. "अप्पा, नवी तुम्ही ठेवा. ही मी नेते आणि टाकून देते."

"नवी तुला. तिच्यात फिल्टरचं पाणी घाल." अप्पांनी बाही तिच्या हातातून काढून घेतली. "ही माझ्या हाताला बसली आहे."

एवढं महागडं सोल्युशन घेऊन त्याच्याकडून फक्त लोखंडाचं काम करून घेणारं दुसरं घर तालुक्यात नसेल. नवऱ्याला हा विचार अजून छळतो. मला नाही, कारण त्याच संध्याकाळी अप्पा घड्याळाकडे बघत उठले, शर्ट चढवला आणि पारनाक्याला गेले. पाय दुखले नाहीत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तो शर्ट तासाभरात पुन्हा मऊ पडतो, हे मला माहीत आहे, अप्पांनाही माहीत आहे. ते आधी पोहोचतात आणि वाऱ्याकडे पाठ करून बसतात.

परवा एक फोन आला. अप्पांच्या कट्ट्यावरच्या एका मित्राची सून, बोर्डीहून. म्हणाली, "वहिनी, आमचे बाबा रोज तुमच्या अप्पांच्या कॉलरबद्दल सांगतात. ती वाफेची इस्त्री म्हणे. तशीच पाहिजे म्हणून हट्ट धरलाय. किंमत ऐकून माझे डोळेच फिरले. तुम्ही वापरताय ना? घेण्यासारखी आहे का?"

मी आत बघितलं. अप्पा बाहीवर पाणी शिंपडत होते.

"आधी मला सांग," मी म्हणाले, "तुमच्याकडे भात कुकरला लावता, की पेज काढता?"