तावडेकाकांची झोप

तावडेकाका मोटारीचा विमा उतरवायचे आणि त्या कामासाठी लोकांच्या गाडीत झोपायचे. आमच्या मुलुंडच्या कॉलनीत याचं कुणालाच नवल वाटत नसे. बाहेरच्या माणसाला मात्र नीट सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूला आमची कॉलनी. गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही बहुतेक कुणीतरी वापरून सोडलेल्या. या सगळ्या गाड्यांचा विमा तावडेकाकांकडे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग, पायात चपला. स्वतःची गाडी नव्हती आणि चालवताही येत नव्हती. "हलवाई खातो काय रोज जिलेबी?" असं विचारायचे.

कॉलनीतली कॉलेजात जाणारी पोरं हौशी. कुणीतरी मावसभावाकडून ऐकून यायचं, की अमेरिकेत म्हणे चांगले मार्क पडले तर विद्यार्थ्याला विम्यात सवलत मिळते. मग ते काकांना गाठायचं. "काका, आयकार्ड दाखवलं तर हप्ता काही कमी होतो का?"

"रेल्वेच्या पासावर होतो," काका म्हणायचे. "इथे नाय. खांब काय आयकार्ड बघून बाजूला होत नाही."

विमा गाडीचा असतो, त्यामुळे कंपनी फक्त गाडीचं वय विचारते, पोराचं वय मला विचारावं लागतं, हा त्यांचा सिद्धांत. आणि ते विचारण्याची त्यांची रीत अशी. रविवारी दुपारी माशाचं जेवण झालं, की ते नव्या चालकाच्या शेजारी बसत. बॅग मांडीवर, हात बॅगेवर. मिठागर रोडने हायवेला लागायचं, कांजूरमार्गपर्यंत जायचं आणि परत यायचं. काका ब्रेक दाब, गिअर बदल, काही सांगायचे नाहीत. फक्त डोळे मिटायचे. झोप लागली तर पोरगा पास. नाही लागली तर नापास, पुन्हा महिन्याने.

पास झाला, की काका जिना चढून त्याच्या वडिलांकडे जायचे आणि मालवणीत एकच वाक्य बोलायचे, "डोळो लागलो माझो!" वडील मुकाट्याने किल्ली काढून द्यायचे. काकांची विद्यार्थी-सवलत ती हीच. हप्त्यातला पैसाही कमी व्हायचा नाही, बापाच्या शिव्या मात्र निम्म्याने कमी व्हायच्या.

"लायसन आरटीओ देता, किल्ली बापूस देता," ते म्हणायचे, "मधलो माणूस मी."

टवाळ पोरं म्हणायची, म्हाताऱ्याला सुरमई चढते, तो बैलगाडीतही झोपेल. ते खरं नव्हतं. माझा धाकटा भाऊ नंदू याचा पुरावा आहे.

आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, त्यांच्या कारखान्यातल्या एका साहेबाची जुनी फियाट घेतली, तेव्हा मी एकवीसची होते आणि नंदू एकोणीसचा. दोघांनी एकाच मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकून लायसन्स काढलं होतं. आप्पांनी जाहीर केलं, की तावडे झोपतील त्याला किल्ली. माझ्या बाबतीत वर एक शेपूट जोडलं, "मुलीने एक ओरखडा जरी आणला, तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही." नंदूसाठी हे शेपूट नव्हतं. मला गाडी किती चालवायची होती ते आज लिहितानाही सांगता येत नाही. गिअर कसे पडतात ते मी स्वयंपाकघरात लाटणं धरून घोकत असे.

आधी नंदू गेला. परत आला तेव्हा काकांचे डोळे टक्क उघडे.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पानु, पोरगा गुणी आहे. पण ब्रेक असा मारतो, की याच्या बाजूला डोळा मिटायचा तर आधी वारस नेमायला हवा."

सगळे हसले. नंदूही हसला, पण कानापर्यंत लाल झाला होता. दोन दिवस तो नीट जेवला नाही, हे आप्पांनी लक्षात ठेवलं होतं. म्हणून सांगते.

पंधरवड्याने माझी पाळी. भांडुप येईपर्यंत काका मिटल्या डोळ्यांनी जागे होते, बॅगेवर बोटं वाजत होती. मग बोटं थांबली. कांजूरमार्गला मी गाडी वळवली तेव्हा त्यांची मान खिडकीकडे कलली आणि चक्क घोरणं ऐकू आलं. मला इतका आनंद झाला, की परतीच्या वाटेवर मी सारखी त्यांच्याकडेच बघत राहिले. एक मोठा माणूस माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून झोपला होता. मी पास झाले होते!

कॉलनीच्या अलीकडच्या वळणावर पंप हाऊसच्या फाटकाचा सिमेंटचा खांब होता. तिथेही मी काकांकडेच बघत होते. डावीकडून खर्र असा आवाज आला. मागचं मडगार्ड घासलं होतं. काकांनी ओठ चाटले, मान दुसऱ्या बाजूला टाकली आणि पुन्हा घोरू लागले.

मी गाडी भिंतीला अगदी चिकटवून लावली, डावी बाजू आत.

"पोचलो?" काका जागे झाले आणि माझ्या मागोमाग उजव्या दारानेच सरकत उतरले. मग जिन्यातूनच ओरडले, "आप्पानु, डोळो लागलो माझो! तुमच्या चेडवाच्या गाडीत मी घोरलंय!"

त्या दिवशी आईने शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली आणि फडकं घेऊन आप्पा गाडी धुवायला उतरले. गाडी भिंतीपासून काढली आणि त्यांना मडगार्ड दिसलं. वर आले ते थेट नंदूसमोर.

"रात्री गाडी काढलीस?"

"नाही, आप्पा."

"किल्ली खिळ्याला होती. नापास झाल्यापासून तोंड फुगवून बसलायस. काढलीस की नाही?"

"आईशपथ नाही."

आईच्या शपथेवर आप्पांचा हात उठला. मी दाराशी उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. ते शेपूट आठवलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटू लागले.

क्लेम करायचा का, हे विचारायला काकांना बोलावलं. त्यांनी वाकून मडगार्ड पाहिलं, बोट फिरवलं. "एवढ्यासाठी क्लेम करू नका. वर्षभर काही मागितलं नाही, की पुढच्या हप्त्यात सूट मिळते. ती जाईल. आणि करायचाच, तर चालवत कोण होतं ते सांगावं लागेल."

"घरातलं घरात राहू दे," आप्पा म्हणाले.

काका नंदूकडे बघत राहिले. "आप्पानु, हा पोरगा धक्के मारत थांबतो, पण खोटं बोलणारा वाटत नाही."

"मग गाडीला भुताने घासलं? काल शैलाच्या वेळी तर तुम्ही स्वतः होतात बाजूला."

"तेव्हा मी होतो, बरोबर," काका म्हणाले. माझ्यावर संशय घ्यायचा, तर त्यांना आधी स्वतःच्या झोपेवर घ्यावा लागला असता. त्यांनी माझ्यावर टाकलेल्या विश्वासाआड मी लपून बसले, तेही त्यांना नकळत.

मडगार्ड कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ठोकून दिलं. पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळाली. आप्पांनी त्यातून मला गाडीत लावायला छोटा पंखा आणून दिला. तो पंखा फिरत असताना मला कधी गार वाटलं नाही.

बाकी दिवस चांगले गेले, ते नाकारत नाही. तावडेकाकूंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नेलं. तळमजल्यावरच्या वहिनींना बाळंतपणासाठी मीच नेलं, आणि मुलीचं नाव त्यांनी माझ्यावरून शैलजा ठेवलं. काका मला मिरवत. एखादा बाप मुलीला किल्ली द्यायला कुरकुरला, की म्हणायचे, "त्या शैलाच्या गाडीत मी घोरलो होतो. विचारा आप्पाना." त्या एका घोरण्यावर कॉलनीतल्या किती मुली गाडी शिकल्या! एखादी पेढे घेऊन माझ्याकडे यायची. मी पेढा घ्यायची आणि तो नंदूला द्यायची.

नंदू पुन्हा स्टिअरिंगला बसला नाही. काका त्याला दर रविवारी बोलवत. तो म्हणायचा, "नको काका, मला बेस्टची बस बरी. तिथे ड्रायव्हरवर कुणी संशय घेत नाही." पुढे त्याला नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुलं झाली. सणावाराला मीच सगळ्यांना नेत असे. तो मागे बसायचा, वरची कडी धरून, पाठ ताठ. "ताई, उजवीकडून रिक्षा. ताई, पुढे सिग्नल." मुलं माना टाकून झोपायची, बायको झोपायची. नंदूला माझ्या गाडीत डुलकी लागलेली मी कधी पाहिली नाही.

आप्पा गेले, काकू गेल्या. काकांनी मुलुंडचं घर मुलाच्या हवाली करून कुडाळजवळच्या आपल्या गावी कायमचं जायचं ठरवलं. जाण्याच्या दिवशी घाटकोपरहून दुपारी चारची बस होती. मी सोडायला येते म्हटलं. नंदू सामान बांधायला आला. जेवणं आटपली, मी ताटं घासत होते आणि बाहेर काका नंदूला सांगत होते, "गावच्या पोरांना पण सांगणार, मुंबईत एका चेडवाच्या गाडीत मी..."

मी हात पुसून बाहेर आले.

"काका, तुम्ही झोपला होतात तेव्हा मी पंप हाऊसच्या खांबाला गाडी घासली होती. नंदूने नाही. मी."

नंदू खोक्याला सुतळी बांधत होता. त्याने गाठ पुरी केली. मग म्हणाला, "ताई, मला तर कधी कधी वाटायचं, झोपेत उठून मीच काढली असेल गाडी. आप्पा एवढ्या खात्रीने बोलले होते ना." आणि उठून गॅलरीत गेला.

मला वाटलं होतं तो रागावेल, निदान ओरडेल. त्याने स्वतःवरच संशय घेतला असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

काकांचा चेहरा पडला होता. "तुझं नाव गळ्यात घालून फिरलो गो मी," ते म्हणाले. "आणि त्या पोराच्या तोंडावर सांगितलं, की मी होतो बाजूला." मग आवाज चढवून, "नंदू! तुझा क्लेम राहिला रे."

"आता काय मिळणार, काका? गाडी भंगारात गेली," तो गॅलरीतून म्हणाला. थोड्या वेळाने आत आला. डोळे लाल होते. "ताई, चहा टाक. साखर घाल जरा, नेहमीसारखी कंजुषी नको."

चहा झाल्यावर काका उठले, बॅग काखेत घेतली. तीच, किंवा तसलीच. "शैला, तुझा तो पास रद्द. माझ्या सहीने दिलेला, माझ्या सहीने रद्द. चल, आज परत परीक्षा."

निघालो. मिठागर रोड, हायवे. काका शेजारी, बॅगेवर बोटं. मागे खोक्यांच्या शेजारी नंदू. या वेळी मी कुणाकडेही बघत नव्हते, फक्त रस्त्याकडे. भांडुप गेलं. काकांची बोटं वाजतच होती. कांजूरमार्ग आलं तरी बोटं थांबेनात.

"झोप येत नाही का, काका?" शेवटी मी विचारलं.

"या वयात झोप येता खयं? रात्रीसुद्धा नाय येत," ते म्हणाले. मग अंग वळवून त्यांनी मागे पाहिलं आणि पाहतच राहिले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढ्या वेळात मागून "ताई, उजवीकडून" असं एकदाही ऐकू आलं नव्हतं. आरशात बघायचा धीर झाला नाही. कान दिला. खोक्यावर डोकं टेकून नंदू घोरत होता, आप्पांसारखाच, मधेच अडखळत.

काका पुन्हा समोर वळून बसले. बॅग मांडीवर सारखी केली.

"हळू घे," ते कुजबुजले. "त्याचो डोळो लागलो."