कौसामावशीच्या कुरडया

हे मी बायकोपाशीही कधी उघडलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कौसामावशीलाही नाही.

मी भंडाऱ्याकडचा. शाळा सहावीतच सुटली. दोन हजार सालाच्या पुढंमागं पोट मला जालन्याला घेऊन आलं, अंबड रस्त्यालगतच्या लोखंडाच्या कारखान्यात. तिथली वीज तिथंच, कोळशावर व्हायची. माझ्याकडं धड दाखलाही नव्हता, तरी मॅनेजरसाहेबांनी बॉयलरवर घेतलं. शेजारच्या गावात कौसामावशीनं तिच्या घरातली खोली दिली. कावीळ झाली तेव्हा माझं पथ्यपाणी तिनंच केलं — ना नात्याची, ना गावाची. उन्हाळ्यात कुरडया घालायची, तेव्हा गव्हाच्या गरम चिकाची पहिली वाटी मला. कोणाचे उपकार मोठे? मला तेव्हा ठरवता आलं नाही.

एका उन्हाळ्यात घरावरच्या माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया काळ्या पडल्या. तिच्याच नाही, साऱ्या गल्लीच्या. औरंगाबादहून दोन मुली गावात यायच्या — कोळशाच्या धुरानं अख्खी पृथ्वी तापत चाललीय, असं सांगायच्या. पारावरची माणसं हसायची. “मंग थंडीत तरी बरंच हाय की!” पण कुरडया काळ्या झाल्या आणि बायकांचं हसू गेलं. त्या कुरडया परातीत घेऊन बायका कारखान्याच्या गेटवर बसल्या. सगळ्यांत पुढं मावशी. कारखाना आणखी एक धुराडं बांधणार होता; मागणी एकच — दुसरं धुराडं होऊ देऊ नका.

आता ते सांगतो. नाही — आधी हे सांगायला हवं. धुरातली राख धरून ठेवायचं एक यंत्र होतं. फार वीज खातं म्हणून बंद ठेवायचा हुकूम होता. बंद करणारा हात कोणाचा? माझा. राख वाऱ्यावर कुठं जाते, मला खालून दिसायचं. मावशीच्या माळवदावर माझाच शर्ट वाळत असायचा.

तपासणीचे साहेब आले. त्या दिवशी यंत्र चालू, धुराडं सोवळ्यात असल्यासारखं. साहेबांनी परातीतली कुरडई उचलली, बोटानं चोळली. म्हणाले, ही काजळी घरातलीही असू शकते. मावशी चिडली नाही. तिनं गर्दीत मला हेरलं.

“ह्याला इचारा, साहेब. माझ्या घरी ऱ्हातो, बॉयलरवर बी हाच. लेकरू खोटं बोलायचं न्हाई.”

मॅनेजर माझ्याकडं बघतही नव्हते. कोणी धमकावलं नव्हतं, कोणी पढवलं नव्हतं. मी म्हणालो, “घरच्या चुलीची काजळी आहे, साहेब. पऱ्हाट्या जाळतात ना.”

मागून कोणीतरी ओरडलं, “घ्या! सोताची चूल सोडून कारखाना इझवाया आल्या!” सगळे हसले.

मला वाटलं, मावशी मला घराबाहेर काढील. काढलं असतं तर — पण तिनं माझं ऐकलं. कळतंय का तुम्हाला? बॉयलरवरचा माणूस सांगतो म्हणजे खरंच असणार. घरी येऊन तिनं सुनेला दारातच धरलं. “जाळ घालायची अक्कल न्हाई तुला. साऱ्या गावात माझं हसं केलंस.” सून रडत होती आणि माझ्याकडं बघत होती. तिला कळलं होतं. मी खोलीत गेलो.

मावशी पुन्हा गेटवर गेली नाही. ती नाही म्हणून बाकीच्या बायकाही नाहीत. त्या दोन मुली काही दिवस एकट्याच बसल्या, मग त्याही दिसेनाशा झाल्या.

दुसरं धुराडं उभं राहिलं.

पुढच्या उन्हाळ्याआधी मावशीनं कानातलं मोडून गॅस आणला आणि चूल फोडून टाकली. स्वतःच्या हातानं. मग कुरडया घातल्या, पांढऱ्याशुभ्र. दिवस कलल्यावर माळवदावर चढली, एका कुरडईवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. मी शर्ट काढायला आलो होतो. ती दोन्ही धुराड्यांकडं बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. आता विचारील, मला वाटलं. तिनं बोट पदराला पुसलं, खाली गेली आणि माझं ताट वाढलं.

मी जेवलो.