हौदातली लाइफबोट

पिंपळी गावच्या शेतात विहिरीजवळ आमचा हौद होता. दुपारी वीज आली की मोटरचं पाणी त्यात पडायचं, आणि कडेच्या उसाची हिरवी सावली लाटांवर डोलत राहायची. नव्वदनंतरची ती वर्षं. तुमचा बाबा, म्हणजे माझा लेक, तेव्हा समुद्रात, तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर नोकरीला होता. आग लागली तर माणसांनी लाइफबोटीत बसायचं, बोट दोरांवरून खाली सोडायची, आणि ती प्लॅटफॉर्मच्या खांबांवर न आपटता दूर गेली पाहिजे. तशी ती जाईल का, हे तपासणं बाबाचं काम. सुट्टीवर येताना तो तपासणीचा अहवाल सोबत घेऊन आला. सही तेवढी राहिली होती.

पण त्याच्या मनाची खात्री होईना. त्याने हौदात प्लॅटफॉर्मचे खांब म्हणून चार बांबू उभे केले, हलक्या लाकडाची हातभर बोट कोरली, तिला रबराच्या पिळावर फिरणारा पंखा लावला. माणसं मी केली : वाळूच्या चोवीस पुरचुंड्या, सारख्या तोललेल्या, दोन-दोनच्या ओळीत नीट मांडलेल्या. बोट उतरली आणि लाटांमधून स्वप्नात चालावी तशी अलगद दूर गेली. पुन्हा सोडली, पुन्हा गेली.

शेजारचे तात्या बांधावर बसून बघत होते. त्यांची लेक उजनी धरणाच्या पाण्यापलीकडे दिलेली. इंदापूरकडून होडीने त्यांचं सारखं जाणं-येणं.

"वैनी, ही माणसं हायती का शाळेतली पोरं?"

"का हो तात्या?"

"भ्यालेलं माणूस असं वळीत बसतंय व्हय? आमच्या होडीत बगा. नुसतं उतरायचं असतंय, तरी समदी एका टोकाला. सरका म्हटलं तर कुणी सरकत न्हाय."

बाबा हसला नाही. "बोटीचं दार मागे आहे," एवढंच म्हणाला.

तात्यांनी पुरचुंड्या उचलून दाराशी ढीग केला. बोट उतरली. मागची बाजू बुडाली, नाक वर आलं, लाटेने ते फिरवलं आणि बोट बांबूवर आपटली. केवढासा आवाज झाला.

बाबाने अहवालातला 'सुरक्षित' हा शब्द खोडला.

"आई, साहेब विचारतील, कशावरून?"

"सांग की, इंदापूरच्या होडीवरनं!" तात्याच म्हणाले.

महिन्याभराने बाबाचं पत्र आलं. पुढच्या जागा आधी भरायच्या, दाराजवळच्या शेवटी, असं ठरवून माणसांसह सराव झाला होता. दारापासून लांब बसायला मात्र कुणी तयार होईना. तेव्हा आधी तो एकटाच आत शिरला आणि अगदी पुढच्या अंधाऱ्या जागेवर जाऊन बसला. मग बाकीचे त्याच्यामागून आले.