काशीअक्काचा सांगावा

आई, वैरागच्या वेशीबाहेर गाडी लागली तेव्हा आबा मला म्हणाले होते, "रडू नगंस गोदे. तितं तुजी भैन हाय की." तुला हे ठाऊक नाही, कारण तू दारातच उभी राहिलीस, पुढं आलीच नाहीस. लेकीला धीर द्यायचा म्हणून आबा बोलून गेले. पण काशीअक्काला जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती, आणि गेली ती त्याच सोलापूरच्या घरात, बाळंतपणात. आबांच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी बैलांच्या शेपट्या उगाच पिरगाळल्या आणि गाडी थेट सोलापुरातल्या शुक्रवार पेठेपर्यंत दामटली.

मी सांगतेय आणि माझी यमी लिहितेय. मी 'हाय' म्हटलं की कार्टी 'आहे' लिहिते, म्हणून हे शाळेतल्या बाईंनी लिहिल्यासारखं वाटेल. दादा वाचून दाखवेल तेव्हा शेजारणींना गोळा करू नकोस.

काशीअक्का गेली त्याच वर्षी मला तिच्याच नवऱ्याला दिलं. न्हाण येईपर्यंत मी तुझ्याकडं राहायचं, पोर शाणी झाली की सोलापूरला साखर धाडून कळवायचं, मग त्यांनी न्यायचं, असं ठरलं होतं. ती साखर तू पाच महिने धाडली नाहीस. माझे दिवस आले की 'मी बाजूला बसलीय' म्हणून तूच पडवीत बसायचीस आणि सोबतीला मला जवळ घ्यायचीस. पुन्हा तुझे दिवस वेगळेच. शेजारच्या सखूमावशी हसायच्या, "काय गं, म्हैन्यातनं दोनदा कावळा शिवतोय व्हय तुला?" आबा मुकाट्यानं चुलीपुढं बसून भाकरी थापायचे. चांगल्या बोटभर जाड, आणि मधे कच्च्या! आपण दोघी त्या पाण्यासोबत गिळायचो, पण तेवढं हसणं त्या घरात पुन्हा झालं नसेल.

मग एका सोमवारी भर दुपारी सांगावा न धाडता आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. माझी सासू. चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "काशी आली व्हती सपनात. म्हनली, माजी भैन शाणी झाली, तिला घिऊन या." तुझ्या हातातला तांब्या खाली पडला. आपण तिघं सोडून ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. भिंतीकडं बघून एवढंच म्हणालीस, "काशे, तू सांगितलंस व्हय गं?" तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

मखर तू झकास केलंस. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, गावभरच्या बाया, गाणी. पण मी दुसरी म्हणून काशीअक्काच्या नावानं घडवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात होता, आणि हळद आधी टाकाला, तेल आधी टाकाला, मग मला. बायांनी टाकावर पाणी घातलं तेव्हा तो पाटावर वेगळा काढून ठेवला होता. तरी शहारा माझ्याच पाठीवर आला. सांगून कोण ऐकणार होतं?

इथं आले ती काशीअक्काच्याच घरात. गिरणीचा भोंगा, शेजारच्या साळ्यांचं तेलुगू, सगळ्याची सवय झाली. तिची नाही झाली. पहिलं वर्षभर माझ्या तोंडातून ह्यांना 'दाजी'च निघायचं. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं. पहिला घास टाकाला. तिला कारलं आवडत नव्हतं, म्हणून आजतागायत आमच्यात कारलं शिजलेलं नाही. आणि वर आत्याबाईंची सपनं! काशी म्हनली, औंदा म्हायेरी धाडू नगा. काशी म्हनली, पोरीचं नाव यमुना ठेवा. काशी म्हनली, यमीला माढ्याच्या पावण्यात द्या. आठव्या वर्षी दिली. मला मात्र ती एकदाही दिसली नाही. मला लई राग यायचा. सख्खी बहीण मी, आणि ही बया बोलते सासूशी!

गेल्या महिन्यात यमी दाराआड येऊन माझ्या कानात बोलली. माढ्याची माणसं साखरेची वाटच बघतायत. आधी वाटलं, तुझ्यासारखं करावं, लपवावं. पण दोन खोल्यांत काय लपतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहा पीत होते. आत्याबाई जात्यापाशी बसल्या होत्या. मी अजून कुणाला अवाक्षर बोलले नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, "गोदे, काशी आली व्हती."

मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. कुठनं धीर आला कोण जाणे. म्हटलं, "माज्याबी सपनात आली व्हती, आत्याबाई. म्हनली, यमी सातवी हुईस्तवर, अजून तीन वर्सं, माढ्याला धाडायची न्हाय."

चक्क खोटं, आई. ह्यांची बशी ओठापाशीच थांबली. आत्याबाईंनी जात्याचा फेरा अर्ध्यावर सोडला. मग खुंट्यावरचा हात काढून म्हणाल्या, "व्हय. मलाबी तेच म्हनली."

टाक पदराखाली ढकलून मी चुलीपुढं जाऊन बसले.

यमीचे चार दिवस सरल्यावर तिला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. मखर नाही, गाणी नाहीत, माढ्याला साखर नाही. घरातल्या घरात नवं परकर-पोलकं, शिरा, ओटी. ह्यांनी बाजारातून गजरा आणला आणि लाजून तिच्यापुढं ठेवून बाहेर निघून गेले. शिऱ्याचा पहिला घास मी यमीला भरवला, टाकाला नंतर. आत्याबाईंनी बघितलं, आणि आपली वाटी पुढं केली.

लेकीनंच, काशीअक्कानंच, चहाडी केली, हे तू इतकी वर्षं मनात धरून बसलीयस. ती खरंच येते, का आत्याबाई आपल्या मनातलं तिच्या तोंडी घालतात, मला माहीत नाही. मी त्यांना विचारणारही नाही, मला भीती वाटते. पण तिनं तेव्हा तुझं मोडलं असेल, तर आता माझं राखलंय. तिच्यावरचा राग सोड.

कुणी माहेर विचारलं की मी वैरागच सांगते. पण घर म्हणजे काय ते मला आता कळलं. जिथून आपल्याला अजून कुणी उठवलेलं नाही, ते घर. तू मला ते पाच महिने दिलंस, आई. मी यमीला तीन वर्षं मिळवून दिली.