रोज वेगळं ताट

वहिनी गेल्याचा फोन अकोल्याहून त्यांच्या शेजारणीने केला, तेव्हा मी अमरावतीत चहा गाळत होतो. सकाळी अंगण झाडता झाडता त्या खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. मी पोहोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि ओट्यावर ओल्या फडक्यात बांधलेली मटकी तशीच होती. दुसऱ्या दिवशी तिला लांब मोड आले. फेकायला कुणाचा हात होईना, शिजवायलाही होईना... शेवटी शेजारीण काही न विचारता ती घेऊन गेली.

दादा माझा मोठा भाऊ. कोर्टात नोकरी केली, पण खरा हुकूम चालवला तो जेवणाच्या ताटावर. साखर निघाली, इन्सुलिन सुरू झालं, भात, आलू, गोड सगळंच आवरतं घ्यावं लागलं, तेव्हा त्या साऱ्याचा राग त्याने वहिनींवर काढला. "रोज थेच थे! मी का ढोर हाओ?" म्हणून उपाशी उठायचा. इंजेक्शन घेऊन उपाशी राहणं किती धोक्याचं, हे वहिनींना पक्कं माहीत होतं, त्यामुळे रुसायची सोय त्यांना नव्हती. मग त्यांनी ज्वारी आणि डाळी त्याच ठेवून ताट रोज बदलायला सुरुवात केली. एक दिवस जाडसर पीठ कांदा-मिरचीवर भाजून उकडपेंडी, एक दिवस ताकातल्या कण्या, कधी त्याच पिठात किसलेला दुधी आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून धिरडी. संध्याकाळच्या भुकेला ज्वारीच्या लाह्या, वर कच्चा कांदा आणि जवसाची चटणी. सगळं झटपट, कारण इंजेक्शन घेतल्यावर थांबायला वेळ नसे. दादाने "हे काय हाये?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "आंधी खाऊन पाहा, मंग सांगतो." दादा कुरकुरत खायचा, पण खायचा.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताचं तोंड भरून कौतुक केलं. त्या उंबऱ्यावर टेकल्या होत्या, पदराने मान पुसत होत्या. म्हणाल्या, "सैपाकाचा कटाळा नाई येत, भाऊजी. उद्या काय करू, ह्या इचारानंच थकतो मी." मी प्राध्यापकी विनोद केला, म्हटलं, एखादी समितीच नेमू. "नेमा ना," वहिनी म्हणाल्या, "पन त्यायले जेवू कोन घालन?" आम्ही दोघंही हसलो. त्या हसल्या आणि उठून डाळ भिजत घालायला गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी एकटा, निवृत्त माणूस, अमरावतीच्या घराला कुलूप घालून इथेच राहिलो. दादा आता रागवत नव्हता, आणि त्याचीच मला धास्ती वाटायची. शेजारून रोज खिचडी यायची, तो दोन घास खाऊन हात धुवायचा. एका दुपारी तो इंजेक्शन घेऊन तसाच झोपला, आणि मी हाक मारली तेव्हा घामाने निथळत होता, बोलणं धड कळत नव्हतं. घाईघाईने साखरेचं पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर मलाच बोलले, जेवले नाहीत तर पुढच्या वेळी वाचतीलच असं नाही.

आयुष्यभर डब्यावर जगलेला मी त्या दिवसापासून स्वयंपाकघरात शिरलो. एकाही बरणीवर नाव नव्हतं, त्यामुळे झाकण उघडून वास घ्यायचा आणि अंदाज बांधायचा. वहिनींची बहीण मोर्शीला असते, तिला फोन करून पाणी किती, हिंग कधी, सगळं विचारलं. दोन-तीन वेळा बिघडली, पण शेवटी उकडपेंडी अगदी वहिनींच्या हातची वाटावी अशी जमली. मी खूश होऊन पुढे ठेवली. दादाने एक घास घेतला, डोळे भरले आणि ताटली खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी कण्या केल्या, तेच झालं. धिरड्यांचंही तेच. या महिन्यात मी फार थकलो आहे. वहिनींनी हे वर्षानुवर्षं कसं केलं, त्यांचं त्यांना ठाऊक.

काल शेवटी माझा संयम सुटला. "अरे दादा, सारं वयनीसारखंच त केलं! मंग खात काऊन नाई?"

दादाने ताटली दूर सारली. मग म्हणाला, "थेच त गिळवत नाई मले... घास तोंडात गेला का वाटते, तुही वयनी आतमंदीच हाये." माझ्याकडे बघून म्हणाला, "तिच्यासारखं करू नको. तुले येते तसं कर."

मी आत जाऊन ओट्याशी उभा राहिलो आणि पोटभर रडलो. मग मोर्शीला फोन केलाच नाही. ज्वारीच्या पिठात हाताला लागलं ते बेसन ढकललं, दुधीऐवजी पानकोबी चिरली, तीही जाडच. तवा फार तापला, धिरडं एका बाजूने काळं झालं, मधे तसंच राहिलं. तेच वाढलं. दादाने तुकडा तोडला, सावकाश चावला.

"कच्चं हाये," तो म्हणाला.

मी गॅस बारीक करून दुसरं टाकलं. तेही त्याने खाल्लं.