अंगठ्याची गोळी

आज मी जो काही आहे तो माझ्या थोरल्या मामांमुळे. घोडेगावच्या बाजारात त्यांनी जन्मभर म्हशींचा व्यापार केला. अक्षरओळख नाही, पण म्हैस किती दूध देईल हे ती टेम्पोतून उतरायच्या आधी सांगतात. मला त्यांनी नगरला वसतिगृहात ठेवून बीएस्सी केलं. बदल्यात दर महिन्याला एक पत्र मागितलं. ते पत्र बाजारातला चहावाला चार व्यापाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचतो. घरोघरी मोबाईल आले तरी ही पद्धत सुटली नाही, कारण फोनवरचं बोलणं मामांना कुणाला दाखवता येत नाही.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. विषय रसायनशास्त्र. पण आमच्याकडे पदवी ही पदवी असते, तिला विषय नसतो. विजेचं बिल, सातबारा आणि कुत्रं चावल्यावरचा उपाय लोक मला सारख्याच विश्वासानं विचारतात. वाईट हे की मी उत्तर देतो.

मध्यंतरी मामांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. काही दिवस ते नगरला सावेडीत माझ्याकडे राहिले आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या हातात शहाळं आणि तोंडात इलाज. एकानं हळदीचं दूध सुरू करायला सांगितलं, दुसऱ्यानं हळद कायमची बंद करायला. दोघं एकाच मोटारसायकलवरून आले होते.

गोळ्यांच्या डब्यात एक बारीक गोळी होती. सुट्टी देताना डॉक्टरांनी समजावलं होतं: शीर आतून सुजलेली असते, फुगा घालून ती मोकळी करताना आणखी दुखावते, ही गोळी ती सूज उतरवायला. मी मान डोलावली, पण माझं सगळं लक्ष गाडी कुठं लावली याकडे होतं. मामांचं लक्ष होतं, आणि त्यांना ते पटलं नव्हतं.

"सूज म्हनं," भरल्या बैठकीत त्यांनी विषय काढला. "आरं, म्हशीच्या सडाला बोट लावलं की मला सूज कळती. ह्यांनी छातीला हात तरी लावला का?"

"भाच्याला वाचू द्या की," त्यांचे गावाकडचे शेजारी आबा म्हणाले. ते लंगडतच आले होते. "बीएस्सी कशाला केलाय?"

मी पाकिटातला इंग्रजी कागद उलगडला. पहिल्याच ओळीत 'गाउट' सापडला. पुढचं कळत नव्हतं, म्हणून वाचलं नाही.

"ही अंगठा सुजतो त्या आजारावरची गोळी आहे," मी निकाल दिला. "दुकानदाराची चूक दिसते. बंद करा."

डॉक्टरांना एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण दहा-बारा माणसं तोंडाकडे बघत असताना पदवीधरानं दुसऱ्याला विचारायचं, मग पदवी कशाला घ्यायची?

योग असा की आबांचा अंगठा खरोखरच सुजला होता. मामांनी अख्खं पाकीट त्यांच्या खिशात कोंबलं. "घ्या. तुमचा रोग, तुमची गोळी." आठवड्यानं आबांचा फोन आला, लई गुण आला म्हणून. गावात माझं नाव आणखी मोठं झालं.

महिन्यानं तपासणीला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, ती बारीक गोळी चालू आहे ना? मी फाईल चाळू लागलो. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "इसरलो सायेब. आडानी मानूस."

डॉक्टरांनी त्यांना चांगलंच सुनावलं. गोळी अंगठ्याचीच, पण कमी मात्रेत घेतली तर ती हृदयाच्या शिरांतली सूजही शमवते. पुन्हा झटका यायचा धोका कमी व्हावा म्हणून दिली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही तरी लक्ष ठेवा."

"हो सर," मी म्हणालो. इतकं अडाणी वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "म्हशीचं वय सांगाया दात मोजताना आपला मानूस चुकला तरी गिऱ्हाइकाम्होरं त्येला बोलायचं नस्तं. पर गोळी घ्यायची का न्हाई, ते तू सांग. डाक्टर दिसाला पन्नास मानसं बघतो."

"घ्या मामा," मी म्हणालो.

चार दिवसांनी गावी फोन केला, तर गोळी अजून बंदच. चहाच्या टपरीवर ठरलं होतं की भाचा आधी बोलला तेच खरं, नंतरचं डॉक्टरला भिऊन बोलला. माझ्या अकलेवर अख्ख्या बाजाराचा विश्वास होता आणि त्यापायी मामांचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हा मी हे पत्र लिहिलं आणि एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलं.

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

चहावाल्यानं हे नेहमीसारखं मोठ्यानं वाचावं, मधलं काही गाळू नये.

गोळी तुम्ही विसरला नाहीत, ती मी बंद केली. कागदावरची एक ओळ मला कळली आणि सगळे बघत होते म्हणून सगळंच कळल्याचं दाखवलं. काल मी एकटा डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगितलं. मला जे सुनावलं ते तुमच्यापेक्षा जास्त होतं. गोळी आजपासूनच घ्यायची आहे. त्रास झाला तर मनानं बंद न करता त्यांना विचारायचं, मला नाही. आबांनीही उरलेल्या गोळ्या न घेता स्वतःचा अंगठा डॉक्टरला दाखवावा.

वरून तुकतुकीत दिसणारी म्हैस आतून आजारी असू शकते, हे मला तुम्हीच शिकवलं. शिरेचंही तसंच आहे, हात लावून कळत नाही.

नवं पाकीट सोबत आहे. चहावाल्याकडून पाणी घ्या आणि पत्र संपायच्या आत एक गोळी सर्वांसमोर घ्या. तोवर त्यानं थांबावं.

घेतली असेल तर पुढची सही वाचावी.

आपला भाचा,
बीएस्सी, फक्त रसायनशास्त्र