माटोळीची गाठ

बाबाजीकाका रोज सकाळी चहाची कपबशी आधी मोबाईलसमोर धरायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे. पलीकडे पुण्यात त्यांचे थोरले भाऊ जयरामकाका आपला कप उचलायचे. बोलणं फारसं नसायचं. पाववाला आला का, एवढंच जयरामकाका विचारायचे.

"पोदेर इलो?"

"इलो. उंडे घेतलंय."

एवढ्यावर दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

गोव्यात, लाटंबार्श्यात, त्यांचं घर आमच्या शेजारी, उतारावर. तिथे मोबाईलला रेंज नाही. जे काही चालतं ते मोडेमवर.

गेल्या चवथीला जयरामकाका पहिल्यांदाच गावी आले नाहीत. ते इस्पितळात होते. घरची आरती चालू असताना बघायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांचा मुलगा गौरेश संध्याकाळी त्यांच्यासमोर फोन धरणार होता.

दुपारी गणपती बसला आणि काकांनी मला हाक मारली.

"पूजा, हेचो दिवो तांबडो कशाक गो?"

मी मोडेम बंद करून थोड्या वेळाने चालू केला. प्लग बदलला. मागची वायर काढून परत बसवली. हिरवे दिवे एकेक करून लागले, पण तो तांबडा लुकलुकतच राहिला. कंपनीला फोन करायला, रेंज मिळते त्या काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, वर चढले, तर कंपनीला सुट्टी.

"मोडेमाक पण नेवेद्य दाखवया काय?" चंद्रावतीकाकी म्हणाल्या.

"तू गप गो," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

परत भाटात जाऊन गौरेशला फोन लावला. तो म्हणाला, "वायर कुठे दुमडलीय का बघ. फायबरची असते, जोराने वाकली तरी बंद पडते."

दारापासून वायरीमागे बघत गेले. वायर आढ्यावरून गणपतीच्या वर आली होती आणि तिथे मूर्तीवर टांगलेल्या, फळापानांनी सजवलेल्या माटोळीच्या लाकडी चौकटीला केवणीच्या सालीच्या दोराने करकचून बांधलेली होती. लोंबती दिसू नये म्हणून काकांनीच माटोळी बांधताना ती चौकटीसोबत आवळली होती. वरून नारळांचा घड, सुपारीचे घोस, तोरिंगाची मोठाली फळं यांचा भार. गाठ सोडायची तर ती बाजू खाली घ्यावी लागणार होती. आणि गणपती बसल्यावर, तो विसर्जनाला पोचवेपर्यंत, माटोळी उतरवत नाहीत.

"सोडा," काकी हळूच म्हणाल्या. "देवाक कळता."

काका स्टुलावर चढले. गाठीवर बोटं ठेवली. खाली मूर्तीकडे बघितलं. मग तसेच उतरले.

"दादानंच शिकवलां माका माटोळी बांधूक," ते म्हणाले. "तोच म्हणतलो, कित्याक सोडलंस. फाल्यां सांजे गणपती पावतलो, मगे सोडूया. एका दिसान काय होता?"

त्या संध्याकाळी आरती झाली. काकांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला होता, जणू तो पुण्यापर्यंत पोचवायचा होता.

दुसऱ्या दिवशी गणपती पोचवून आल्यावर ओल्या पायांनीच काका स्टुलावर चढले. दोर कापला नाही, एकेक गाठ सोडवली. वायर मोकळी झाली आणि थोड्या वेळाने तांबडा दिवा विझला.

फोन गौरेशने उचलला. मागे इस्पितळाची पांढरी भिंत होती. "काका, बाबांना दुपारी मशीनवर घेतलं. शुद्धीवर नाहीत."

काकांनी मोबाईल तसाच धरून ठेवला. जयरामकाका त्याच आठवड्यात गेले.

काकांना कोणी बोल लावला नाही, गौरेशनेही नाही. रीत चुकीची होती असं काका कधी म्हणाले नाहीत, आपलं बरोबर होतं असंही नाही. फक्त कपबशी कुठेही न धरता चहा प्यायला लागले, घाईघाईने, औषध घ्यावं तसा.

यंदा श्रावण संपता संपता त्यांनी कंपनीचा माणूस बोलावला. वायर खिडकीकडून फिरवून घेतली, माटोळीपासून अगदी लांब. काम होईपर्यंत खाली उभे राहून बघत होते. मग छातीत भरल्यासारखं वाटतं म्हणून आत आडवे झाले, ते उठलेच नाहीत. आत जाताना मला म्हणाले होते, "तेका चाय दी गो. नी स्टूल थंयच ऱ्हांव दी, माटोळी बांधूक लागतला."